वयाची पट्टी आणि पुस्तकाचं तोंड : किशोर वाचकांच्या निवडीवरच्या प्रकल्प नोंदी

३ जून

'पुस्तकावर वय छापावं की नाही' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. त्याचं उत्तर प्रत्येक मोठ्या माणसाजवळ तयार असतं आणि त्यावर वाद घालून हाती काही लागत नाही. आपण पाहायचं ते एवढंच : वाचनालयातल्या फळीसमोर उभा असलेला १२ ते १४ वर्षांचा वाचक पुस्तक उचलतो, उलटून मलपृष्ठ वाचतो, उघडतो, घेऊन जातो किंवा परत ठेवतो. यांतली कोणती हालचाल मुखपृष्ठामुळे बदलते आणि कोणती वयाच्या आकड्यामुळे?

कामापुरतं गृहीतक असं धरलं आहे. पालक किंवा ग्रंथपाल '१२+' वाचतात तेव्हा त्यांना ती पुस्तकाबद्दलची माहिती वाटते. मुलाला तोच आकडा स्वतःबद्दलचा शेरा वाटतो : मी एवढाच, किंवा मी अजून तेवढा नाही. हे चुकीचं ठरलं तरी चालेल, पण ते तपासता येईल अशीच मांडणी करायची.

७ जून

आधी झालेलं चाळून घेतलं. कामाचं तेवढं इथे.

मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली मांडलेला सिद्धांत आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे : निवडीचं स्वातंत्र्य काढून घेतलं जातंय असं वाटलं की नाकारलेली गोष्टच जास्त हवीशी होते. १९९६ मध्ये बुशमन आणि स्टॅक यांनी टीव्हीवरच्या हिंसक कार्यक्रमांच्या इशाऱ्यांवर याच अंगाने काम केलं. पुढे २००९ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांवरचा व्हिडिओ गेमचा अभ्यास आला, आणि वयाच्या व हिंसेच्या खुणांमुळे खेळ अधिक आकर्षक वाटतात असं त्यात दिसलं. पण गेम म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकाला वेळ लागतो, आणि आकर्षण पहिल्या दहा पानांतच संपू शकतं. म्हणून 'उचललं' आणि 'वाचलं' ही दोन मापं आपण कधीही एकत्र करायची नाहीत.

पुस्तकांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. रशियात १ सप्टेंबर २०१२ पासून ०+, ६+, १२+, १६+, १८+ अशा खुणा कायद्याने आल्या. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी ५+, ७+, ९+, ११+ आणि १३+ असे टप्पे मुखपृष्ठावर छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन यांच्या पुढाकाराने लेखकांनी उघड विरोध केला. त्या विरोधातला एक मुद्दा आमच्या कामाला थेट लागू पडतो : वाचनात मागे असलेल्या मुलाला स्वतःपेक्षा लहान वयाचा आकडा असलेलं पुस्तक चारचौघांत हातात धरायला लाज वाटते. आपल्या चाचणीत वरचा आकडा असेल तसाच खालचाही असलाच पाहिजे, हे इथूनच पक्कं झालं.

११ जून. पुस्तकं निवडली

२४ शीर्षकं, प्रत्येकी ३ प्रती, एकूण ७२. एक प्रत फळीवर, दोन कपाटात. फळीवरची गेली की लगेच दुसरी ठेवायची, दिवसाच्या शेवटी नव्हे. तसं केलं नाही तर लोकप्रिय पुस्तक सकाळीच गायब होतं आणि उरलेल्या दिवसात ते 'कोणी निवडलं नाही' म्हणून मोजलं जातं. तिन्ही प्रती बाहेर असतील तर 'फळीवर नव्हतं' असे तास लिहून ते हिशेबाच्या एकूण तासांतून वजा करायचे.

निवडीची मुख्य अट नैतिक आहे. आपण पुस्तकांवरच्या वयाच्या पट्ट्या बदलणार, म्हणजे काही पट्ट्या खोट्या असणार. खोटी पट्टी वरच्या दिशेने चालते, खालच्या दिशेने अजिबात नाही. जड मजकुराच्या पुस्तकावर '९+' लावलं आणि ते घरी धाकट्या भावंडाच्या हाती गेलं तर तो दोष सर्वस्वी आपला. म्हणून २४ पैकी प्रत्येक पुस्तक दोघांनी पूर्ण वाचून, ९ वर्षांच्या मुलाने वाचलं तरी हरकत नाही अशी खात्री झाल्यावरच यादीत घेतलं. साहस, शोध, विज्ञान, विनोद हे विषय उरले. मृत्यू, अत्याचार, व्यसन असे विषय गळले, त्यामुळे या चाचणीतून जड विषयांच्या इशाऱ्याबद्दल काहीही म्हणता येणार नाही. ही मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावर जाईल.

पालकांना पत्रात सगळं सांगितलं आणि लेखी संमती घेतली. मुलांना 'पुस्तकांच्या मांडणीचा अभ्यास चालू आहे, भाग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा' एवढंच आधी सांगायचं, आणि शेवटी खरी गोष्ट उलगडून सांगायची. त्या शेवटच्या तासाची तारीख आताच ठरवून टाकली, कारण अशा गोष्टी नंतर राहून जातात.

१४ जून. पट्टीचे चार प्रकार

क : आकडा नाही. ख : '९+'. ग : '१५+'. घ : आकडा नाही, त्याऐवजी विषयाची ओळ, उदाहरणार्थ 'समुद्रातलं वादळ, हरवलेला भाऊ, एक गुपित'.

'क' म्हणजे कोरं पुस्तक ठेवायचं अशी पहिली कल्पना होती. ती चूक होती. तसं केलं तर आकड्याचा परिणाम मोजतोय की नुसत्या स्टिकरचा, हे कळणार नाही. म्हणून 'क'लाही त्याच आकाराचा, त्याच रंगाचा स्टिकर, त्यावर फक्त वाचनालयाची खूण. 'घ'ची ओळ मात्र गोल स्टिकरमध्ये मावत नाही. तिला ९ सेंमी लांब, १.५ सेंमी रुंद पट्टी लागते, आणि ही असमानता टाळता येत नाही. 'घ'ची तुलना करताना हे लक्षात ठेवायचं.

गोल स्टिकर २५ मिमी, राखाडी, अंक १४ पॉइंट. लाल रंग घेतला नाही, कारण लाल स्वतःच 'सावधान' म्हणतो आणि आकड्याचं काम त्याच्यात मिसळतं. गोलसर, बाळबोध वळणाचं अक्षरही टाळलं. त्या अक्षरात '१५+' लिहिलं तरी ते लहान मुलांचं वाटतं.

शब्दांचाही विचार झाला. 'बाल' हा शब्द या वयाला चालत नाही, पुस्तक कितीही चांगलं असो. 'कुमार' जरा शाळेच्या बक्षिसासारखा लागतो. 'किशोर' त्यातल्या त्यात बरा, पण तोही मोठ्यांनी दिलेलाच. आपल्या फळीवर कोणताच शब्द नको, वर फक्त 'नवी पुस्तकं' अशी पाटी.

१९ जून

स्टिकर काढून पाहिले आणि चार प्रती खराब झाल्या. मॅट लॅमिनेशनवर नेहमीच्या गोंदाचा स्टिकर तीन दिवस राहिला की निघताना फिल्मचा थर उचलतो आणि तिथे चकचकीत डाग उरतो. लॅमिनेशन नसलेल्या कागदावर तर वरचा पापुद्राच येतो. डाग उरला की पुढच्या फेरीत 'इथे काहीतरी होतं' हे मुलांना दिसणारच.

उपाय : प्रत्येक प्रतीला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टन, स्टिकर वेष्टनावर, तोही सहज निघणाऱ्या गोंदाचा. गोंदाचा अंश उरलाच तर मऊ कापडावर थोडं स्पिरिट घेऊन वेष्टन पुसायचं, पुस्तक नव्हे. वेष्टन ७२ पैकी ७२ प्रतींना, नाहीतर चमक हाच नवा फरक होतो.

जागा : मुखपृष्ठाचा वरचा उजवा कोपरा, दोन्ही कडांपासून १ सेंमी. तीन पुस्तकांवर तिथे शीर्षकाचं अक्षर किंवा चित्रातला चेहरा झाकला जात होता. त्या तिघांची जागा वेगळी करण्यापेक्षा ती तीन शीर्षकंच बदलली.

२४ जून. फेऱ्यांचं वेळापत्रक

२४ शीर्षकांचे ६-६ चे चार गट, दोन-दोन आठवड्यांच्या चार फेऱ्या. प्रत्येक गटाला प्रत्येक पट्टी एकदा मिळते. सरळ क-ख-ग-घ असं फिरवलं तर 'ग' नेहमी 'ख'च्या मागोमागच येतो, आणि '९+' पाहिलेलं पुस्तक पंधरवड्याने '१५+' झालेलं दिसतं. ते टाळण्यासाठी क्रम असे घेतले :

गट १ : क, ख, घ, ग
गट २ : ख, ग, क, घ
गट ३ : ग, घ, ख, क
गट ४ : घ, क, ग, ख

यात प्रत्येक फेरीत चारही पट्ट्या फळीवर असतात, आणि कोणतीही पट्टी दुसऱ्या कोणत्याही पट्टीच्या लगेच मागे एकदाच येते. घरी गेलेली प्रत फेरी बदलल्यावर परत आली तर तिची पट्टी परत आल्यावरच बदलायची. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींवर दोन आकडे, असं मित्रामित्रांत उघड होण्याचा धोका उरतोच. देवघेवीची मुदत आठ दिवसांवर आणून तो कमी केला आहे, संपलेला नाही.

१ जुलै. सराव आठवड्यातली चूक

पुस्तकं तोंड पुढे करून मांडली. ९० सेंमीच्या फळीवर १४ सेंमी रुंदीची ६ पुस्तकं बसतात, म्हणून सोयीने एक गट एक फळी असं केलं. दोन दिवस असंच चाललं. मग ध्यानात आलं की डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीला ज्या गटाची पट्टी होती तीच सगळ्यांत जास्त उचलली जात होती, आणि गुडघ्याखालच्या फळीवर कोणी वाकतच नव्हतं. पट्टी आणि फळी एकत्र बांधली गेली होती. असे आकडे कितीही गोळा केले तरी निरुपयोगी.

आता रोज सकाळी २४ चिठ्ठ्या काढून जागा ठरतात. मांडणीचा फोटो घेतला जातो, म्हणजे कोणतं पुस्तक कुठे होतं हे नंतर पाहता येईल. यातून आमचं एक ठाम मत झालं : पुस्तकाचं तोंड पुढे आहे की नुसता कणा दिसतोय, आणि ते कोणत्या उंचीवर आहे, याचा विचार न करता केलेली मुखपृष्ठाची किंवा पट्टीची कोणतीही तुलना विश्वास ठेवण्याजोगी नाही. ज्या वाचनालयात पुस्तकांचे फक्त कणे दिसतात तिथे मुखपृष्ठावरचा आकडा वाचलाच जात नाही. मूल पुस्तक ओढून काढतं तेव्हा निवडीचा पहिला टप्पा केव्हाच पार पडलेला असतो.

४ जुलै. निरीक्षणाचा तक्ता

पाच रकाने : उचललं, उलटलं, उघडलं, परत ठेवलं, नेलं. शिवाय 'एकटा/एकटी' की 'सोबत', आणि शेरा. मुलाचं नाव नाही, चेहऱ्याचा फोटो नाही. 'उघडलं' म्हणजे आतलं किमान एक पान तीन सेकंद पाहिलं, ही व्याख्या तक्त्याच्या डोक्यावर छापली.

दोन निरीक्षक वेगवेगळ्या ठिकाणी बसतात आणि एकमेकांचा तक्ता पाहत नाहीत. नुसती टक्केवारी जुळणं पुरेसं नसतं, कारण बरंचसं योगायोगानेही जुळतं. हिशेब असा : जुळलेल्या नोंदी ०.८५ आणि योगायोगाने अपेक्षित जुळणी ०.६० असेल, तर कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरणाऱ्या जुळणीचं माप, (०.८५ − ०.६०) ÷ (१ − ०.६०), म्हणजे ०.६३ च्या आसपास. ८५ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण ०.६३ हा काठावरचाच आकडा आहे. सरावात 'उलटलं' या रकान्यात सर्वांत जास्त तफावत आली. मूल पुस्तक हातात फिरवतं ते प्रत्येक वेळी मलपृष्ठ वाचायला नव्हे. व्याख्या बदलली : मलपृष्ठ वर करून नजर तिथे स्थिर झाली तरच 'उलटलं'.

१५ जुलै. पहिली फेरी, दुसरा आठवडा

शेरा या रकान्यात आज लिहिलेलं जसंच्या तसं : '९+ असलेलं पुस्तक. उघडून बराच वेळ उभ्याने वाचलं. मग काउंटरकडे जाताना उजव्या हाताचा अंगठा बरोबर स्टिकरवर. रांगेत पुढे दोघे होते तोवर अंगठा हलला नाही. काउंटरवर पुस्तक पालथं ठेवलं.'

त्यानंतर आम्ही शेरा रकान्यात 'झाकलं' अशी एक खूण वाढवली. मुखपृष्ठ छातीशी धरणं, दुसऱ्या पुस्तकाखाली ठेवणं, नखाने स्टिकरची कड खरवडणं, हे सगळं तिच्यात येतं. दोन प्रतींवरून '९+' निघालेला परत आला आहे, '१५+' एकाही प्रतीवरून नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, पण लिहून ठेवायचं.

याचा परिणाम मापावरही होतो. पुस्तक आवडलं होतं, निवडलंही गेलं. 'नेलं' हा रकाना त्या वाचकाला शून्य अडचण दाखवतो. अडचण होती ती चारचौघांतून पुस्तक नेण्याची. म्हणून 'एकटा' आणि 'सोबत' या दोन्हींची गोळाबेरीज वेगळी ठेवायची.

२३ जुलै. मुखपृष्ठाची उपचाचणी

सहा पुस्तकांना कागदी वेष्टनं, प्रत्येकी दोन. पहिल्यावर माणसाची रेखाटलेली आकृती, दुसऱ्यावर कथेतली एखादी वस्तू : दोरी, नकाशा, विझलेला कंदील. शीर्षकाचं अक्षर, रंगसंगती, लेखकाचं नाव सगळं तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडायचा मोह मुखपृष्ठाच्या बाबतीत फार होतो, कारण चित्र बदललं की चित्रकाराला रंगही बदलावासा वाटतो.

मापं : मुखपृष्ठ १४, मलपृष्ठ १४, कणा साधारण १.५ आणि दोन्ही बाजूंना मुडपायला ७.५-७.५ धरलं तर लांबी ४४.५ सेंमी होते, आणि ए-३ कागद ४२ सेंमीचाच असतो. मुडप ६ सेंमीवर आणली, म्हणजे ४१.५. कण्याची जाडी पानांवरून काढायची नाही, प्रत्येक प्रत व्हर्नियरने मोजायची. दोन मिमीची चूक झाली तरी कण्यावरचं शीर्षक मुखपृष्ठावर सरकतं आणि पुस्तक घरगुती दिसायला लागतं. पहिल्या खेपेला सहापैकी दोन वेष्टनं यामुळेच पुन्हा छापावी लागली.

इथे एक मत नोंदवतो. मोठं डोकं, टपोरे डोळे, लहान धड अशी आकृती असली की मुखपृष्ठच 'लहानांचं' म्हणून बोलतं, मग स्टिकरवर काहीही असो. आकृतीच्या शरीराचं प्रमाण हीसुद्धा वयाची पट्टीच आहे, फक्त ती कोणी पट्टी म्हणून मोजत नाही. किशोर वाचक स्वतःपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या नायकाची गोष्ट आवडीने घेतात, हे या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चित्रात नायक कथेतल्यापेक्षा लहान काढला जातो, कारण मुखपृष्ठ पसंत करणारे मोठे असतात.

चेहरा दाखवला की आणखी एक गोष्ट ठरून जाते : हे पुस्तक कोणाचं. २००९ मध्ये अमेरिकेत एका किशोर कादंबरीची निवेदिका कृष्णवर्णीय असताना मुखपृष्ठावर गोरी मुलगी आली. टीका झाल्यावर प्रकाशकाने ते बदललं.

३० जुलै

वाचनालयाची यादी मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी मुखपृष्ठ १२० पिक्सेल रुंदीवर उतरवून पाहिलं. २५ मिमीचा स्टिकर तिथे ठिपका होतो, '९' की '१५' कळत नाही. चित्रातली आकृती मात्र तेवढ्यातही ओळखू येते. पडद्यावर वयाचं काम चित्रच करतं, म्हणून यादीतून निवडलेल्या प्रतींची नोंद वेगळी. त्या फळीच्या हिशेबात धरायच्या नाहीत.

६ ऑगस्ट. नमुना किती हवा

आतापर्यंतच्या तक्त्यावरून 'फरक दिसतोय' असं म्हणायची घाई होतेय, म्हणून गणित मांडलं. दोन पट्ट्यांमधला फरक ५० टक्के आणि ७० टक्के एवढा ढळढळीत असेल तर नेहमीच्या ८० टक्के शक्तीसाठी (म्हणजे खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक बाजूला सुमारे ९३ स्वतंत्र निवडी पुरतात. फरक ५० आणि ६० एवढाच असेल तर सुमारे ३८८ लागतात. अर्धा फरक, चौपट नमुना.

खरी अडचण 'स्वतंत्र' या शब्दात आहे. ४० जणांचा वर्ग एकत्र येतो, एकाने उचललेलं दुसरा उचलतो. वर्गातल्या वर्गात साम्य ०.०५ एवढं थोडं धरलं तरी नमुना १ + ३९ × ०.०५, म्हणजे २.९५ पटीने वाढवावा लागतो. ३८८ चे जवळपास ११५० होतात. एवढ्या निवडी आपल्या आवाक्यात नाहीत. ठरलं : अहवालात टक्केवारी नाही. हालचालींची वर्णनं, मोठे आणि दोन्ही निरीक्षकांना दिसलेले कल, आणि पुढच्या मोठ्या चाचणीचा आराखडा एवढंच.

२१ ऑगस्ट. वाचलं की नुसतं नेलं

पुस्तकाच्या खिशात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी आहे : 'कोणत्या पानावर थांबलात?' आणि 'का?' नाव लिहायचं नाही. पहिल्या खेपेला 'पूर्ण वाचलं का?' असं विचारलं होतं. त्याला जवळपास सगळीकडे 'हो' आलं. पानाचा आकडा विचारल्यावर उत्तरं खरी वाटू लागली, कारण २३व्या पानावर थांबलो असं लिहिण्यात कबुली वाटत नाही.

'१५+' लावलेली पुस्तकं हाती लवकर जातात असं दोन्ही निरीक्षकांना वाटतंय. पण चिठ्ठ्यांवर लवकर सोडल्याच्या नोंदीही त्यांच्याच जास्त आहेत. कारणांत 'वाटलं तसं काही नव्हतं' हा सूर पुन्हा पुन्हा येतो. हा दोष पुस्तकाचा नाही. आकड्याने जे कबूल केलं ते आत नव्हतं. खोटी वरची पट्टी वाचकाला पुस्तकापर्यंत आणते आणि तिथेच त्याचा भरवसाही घालवते. विषयाची ओळ असलेली पुस्तकं हळू जातात, परत आल्यावर पानांचा आकडा मात्र पुढचा असतो. तीस-चाळीस चिठ्ठ्यांवरून याहून जास्त बोलू नये.

३ सप्टेंबर

चारही फेऱ्या झाल्या. मुलांबरोबर ठरलेला तास घेतला, पट्ट्या बदलल्या होत्या ते सांगितलं, प्रत्येक पुस्तकाची खरी माहिती दिली. त्या चर्चेतला एक प्रश्न आमच्या तक्त्यात नव्हता : 'हे वय वाचायला किती अवघड त्याचं आहे, की आत काय आहे त्याचं?'

मुखपृष्ठावरचा एकच आकडा दोन प्रश्नांची उत्तरं एकदम द्यायला जातो, आणि मुलांनी तेच पकडलं. पुस्तक व्यवहारात ही दोन वयं वेगळी नोंदवायची सोय आधीपासून आहे. ऑनिक्स या, पुस्तकांची माहिती प्रकाशक-विक्रेत्यांत देण्याघेण्याच्या ठरीव नमुन्यातल्या नोंदीत 'आवडीचं वय, वर्षांत' याला १७ आणि 'वाचनाचं वय, वर्षांत' याला १८ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. एडिनबर्गमधल्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशन संस्थेने वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं काढताना हाच भेद पाळला : विषय किशोरांचा, वाक्यरचना त्याहून सोपी. लेक्साइलसारखी वाचनपातळीची मापं वाक्याची लांबी आणि शब्दांची वारंवारता मोजतात. आतल्या मजकुराबद्दल ती काहीच सांगत नाहीत, आणि त्यांचा आकडा वय म्हणून वाचणं ही साधी गफलत आहे.

९ सप्टेंबर. फळीवर काय बदलायचं

वाचनालयाच्या मार्क नोंदीत (संगणकावरच्या ग्रंथसूचीचा ठरीव नमुना) क्षेत्र ५२१, पहिला निर्देशक १, म्हणजे आवडीचं वय. ते मोठ्यांना शोधताना दिसेल. वाचनपातळी त्याच क्षेत्रात वेगळ्या ओळीत, निर्देशक ०. मुखपृष्ठावर आणि कण्यावर आकडा नाही.

विषयाची ओळ मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, जास्तीत जास्त १० शब्द, क्रियापद नाही, विशेषण नाही. 'भयानक', 'हृदयस्पर्शी' असे शब्द आले की ती माहिती राहत नाही, जाहिरात होते. जड विषय असेल तर तो नावाने लिहायचा : 'आईचा मृत्यू', 'शाळेतली दमदाटी'. 'संवेदनशील मजकूर' असं मोघम लिहिलेलं खपवून घ्यायचं नाही, त्यातून ना इशारा मिळतो ना माहिती.

जुने ६८ स्टिकर निघाले. उरलेल्या चार प्रतींवरचे निघताना वेष्टन ताणलं गेलं, ती वेष्टनं उद्या बदलायची.